वकिलातीच्या मागची वाळू

ओतिलियामावशीबद्दल लिहायला बसले की मला आधी स्वतःचीच लाज वाटते. बावीस वर्षं मी तिच्याबरोबर एका छपराखाली काम केलं, तिच्या हातच्या गरम पिरागी, म्हणजे मांस भरलेले छोटे पाव, खाऊन जाड झाले, आणि तरी दर शनिवारी ती घरामागे काय करत होती हे मला दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगावं लागलं. तेही त्यानं साफ चुकीचं सांगितलं.

ते घर म्हणजे वॉशिंग्टनमधली आमची लात्व्हियाची वकिलात. चाळीस साली रशियानं आमचा देश गिळला, पण अमेरिकेनं ते कधी मानलं नाही, म्हणून देश नसलेली ही वकिलात तशीच चालू राहिली. दारावर पाटी होती, गच्चीत झेंडा होता, टेबलात शिक्का होता. ज्यांच्या वतीनं शिक्का मारायचा ते सरकार तेवढं कुठे सापडत नव्हतं. आधी बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत निघाली, मग पन्नाशीच्या दशकात हे तीन मजली घर घेतलं. आधीचा मालक दातांचा डॉक्टर होता म्हणतात, कारण पहिल्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये अवजारं टांगायच्या खुंट्या अजून आहेत. ओतिलियामावशी चोपन्न साली तिथे घर सांभाळायला आली आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला लागला. मी एकोणसत्तरमध्ये आठवड्याचे तीन दिवस टायपिंगला लागले.

खरं तर वकिलात तीच चालवायची. टपाल पहिलं तिच्या हातात पडायचं. पाकिटावर कुणी 'लात्व्हिया, सोव्हिएत संघ' लिहिलं असेल तर ती ॲप्रनच्या खिशातून लाल पेन्सिल काढून 'सोव्हिएत संघ' खोडायची, कोपऱ्यात एक छोटी टिक करायची आणि मगच ते साहेबांच्या टेबलावर ठेवायची. टिक म्हणजे ओतिलियानं वाचलं. वर्तमानपत्रं, नकाशे, शाळेच्या पोरांनी माहिती मागायला लिहिलेली पत्रं, कुणाचीच सुटका नव्हती. एकदा चीज विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाचं जाहिरातपत्रकसुद्धा लाल होऊन माझ्या टेबलावर आलं. धोब्याच्या चिठ्ठीवरही ती चष्मा लावल्याशिवाय आणि शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही करायची नाही.

अमेरिकेचं नागरिकत्व तिनं घेतलं नाही. आम्ही सगळ्यांनी घेतलं. मी घेतलं तेव्हा तिनं मला एक अख्खा आठवडा 'अमेरिकन बाई' म्हणून हाक मारली. तिच्याकडे वकिलातीचा पासपोर्ट होता, याच घरात दिलेला, दर काही वर्षांनी याच घरात मुदत वाढवलेला. ते टायपिंग माझ्याकडे असायचं. जन्मस्थान, अब्रेने. देश, लात्व्हिया. मी न बघता टाइप करायचे.

मागच्या अंगणात, डॉगवुडच्या झाडाखाली, दोन पावलं लांब आणि एक पाऊल रुंद असा वाळूचा तुकडा होता. भोवती दगडांची कड. शनिवारी सकाळी मावशी लोखंडी दाताळं घेऊन तिथे जायची आणि वाळू ओढायची, माशाच्या काट्यासारखी नक्षी काढत, मागे मागे सरकत, म्हणजे तिच्या पावलांचे ठसे पुसले जातील. त्यावर पाय दिलेला तिला खपत नसे. शेजारच्या घरचा कुत्रा एकदा आडवा गेला तर त्याच्या मालकिणीला तिनं फाटकात उभं करून सुनावलं. मला वाटायचं, कुणाला गुलाबाचा नाद, हिला वाळूचा. आमच्याकडे कबरीभोवती वाळू ओढतात हे मी आईकडून ऐकलं होतं. पण मी सहा वर्षांची असताना इकडे आले, इकडच्या कबरस्तानात हिरवळ असते, आणि रोज जे डोळ्यांसमोर आहे त्याचा माणूस विचार करत नाही.

एक्क्याण्णवच्या ऑगस्टमध्ये देश परत आला. मी रडले, हे सांगायला मला संकोच नाही. पण त्यानंतर जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. पन्नास वर्षं आम्हाला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. वाट बघायची. आता वाट संपली तर सकाळी येऊन करायचं काय, हेच कुणाला कळेना. वकिलातीचा दूतावास झाला. रीगाहून खरीखुरी पत्रं येऊ लागली, तीही अशा लात्व्हियनमध्ये की मला दोनदा वाचावी लागत. मावशी पहिलं पत्र हातात घेऊन लाल पेन्सिल शोधत राहिली आणि खोडण्यासारखं काही नाही म्हणून नुसतीच टिक करून आली.

ऑक्टोबरात नॉरमुंड आला. रीगाहून पाठवलेला पहिला सचिव, वय एकतीस, दोन बॅगा, त्यातल्या एकीत गुंडाळी केलेला शाळेतला नकाशा. पोरगा चांगला होता. आम्ही बोललो की त्याला आजोबा बोलल्यासारखं वाटायचं, आणि तो बोलला की मावशी माझ्याकडे बघायची, मी भाषांतर करावं म्हणून. मला तरी कुठे सगळं कळत होतं.

महिन्याभरात तो माझ्या खोलीत येऊन विचारू लागला की या घराचे जुने कागद कुठे आहेत. मी म्हटलं तळघरात. तो दिवसाचं काम उरकून तळघरात जायचा आणि धुळीनं माखून वर यायचा. खरेदीखत काढलं, कोळशाची बिलं काढली, कोळसा जाऊन तेल आलं त्याचे कागद, सत्तावन्न साली खालच्या दिवाणखान्यात झालेल्या एका लग्नाचा अल्बम. काय शोधतोय ते सांगेना. एकदा फक्त विचारलं की इथे कामाला असताना कुणी वारलं होतं का. मी म्हटलं एक म्हातारे कारकून वारले होते. तो म्हणाला, त्यांच्या निधनाची नोंद आहे, दफनाची नाही. मी म्हटलं मग मी काय करू.

माझ्या डोक्यावरून गेलं सगळं. खरी भानगड अशी होती की मागच्या अंगणात तेलाची जुनी टाकी पुरलेली होती, ती गंजली होती आणि वसंतात उकरून काढायची होती. ती वाळूच्या बरोबर खाली. आणि नॉरमुंडनं पहिल्याच शनिवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती वाळू, ती नक्षी, ती मागे सरकणारी म्हातारी बघितली होती. वॉशिंग्टनमधला दुसरा कुठलाही माणूस म्हणाला असता की बाग आहे. हा तिकडचा, आजीबरोबर दर उन्हाळ्यात वाळू ओढत वाढलेला. त्यानं मनातल्या मनात टोपी काढली. वकिलातीमागे कुणीतरी पुरलेलं आहे, हे त्यानं ठरवूनच टाकलं. आणि कबर कुणाची हे ती राखणाऱ्या बाईला तोंडावर विचारायचं नाही, एवढी रीत त्याला होती. म्हणून तो तळघरात.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे मेलेल्यांचा रविवार येतो, कबरींवर मेणबत्त्या लावायचा. सोमवारी सकाळी मी टाइपरायटरवरचं कापड काढत होते तर मावशी माझ्या दारात. गुडघ्यांमुळे ती वरच्या मजल्यावर सहसा यायची नाही. हातात वाळूवर सापडलेली पांढऱ्या शेवंतीची चार फुलं आणि जळून संपलेली मेणबत्ती.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मला काय माहीत.

"चार फुलं आहेत, इनारा. सम फुलं मेलेल्यांना, चार कुणी जिवंत माणसाला देतं का? कोण गेलं ते सांग मला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी हे काय ते समजून घ्यायच्या आतच तिनं मला दंडाला धरून खाली नेलं. स्वयंपाकघरात नॉरमुंड कॉफी ओतून घेत होता. तिनं फुलं टेबलावर ठेवली.

"ही तुम्ही ठेवलीत?"

"हो बाई."

"कुणाला?"

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "सगळे कागद बघितले, सापडलं नाही. पण तुमच्याशिवाय तिथे कुणी येत नाही. मला वाटलं, परक्या देशात पडलेला माणूस, वर्षातून एकदा तरी एखादी मेणबत्ती लावावी."

"तिथे कुणी नाही."

"मग वाळू?"

मावशी खुर्चीत बसली. मी बावीस वर्षांत तिला त्या खुर्चीत दिवसाढवळ्या बसलेली बघितली नव्हती. मग तिनं सांगितलं, नॉरमुंडकडे बघत, मी तिथे नसल्यासारखं. अब्रेनेला तिचे वडील स्टेशनमास्तर होते. एकेचाळीसमध्ये रशियनांनी त्यांना उचलून नेलं, ते कुठे पडले हे कुणालाच ठाऊक नाही. आई त्याआधीच गेली होती, ती स्टेशनापलीकडच्या पाइनच्या झाडांत. चव्वेचाळीसच्या जुलैत पळायची वेळ आली तेव्हा गाडीवाला बाहेर ओरडत होता आणि ओतिलिया आत आईच्या कबरीभोवती वाळू ओढत होती, फाटकापर्यंत मागे मागे, एकही ठसा न ठेवता.

"परत आलं की वाळूवरून कळतं, मागे कोण येऊन गेलं," ती म्हणाली. "मला वाटलं तीन-चार आठवडे. इथे ओढते ती हात मोडू नये म्हणून. सवय गेली की रेघा वाकड्या येतात, आणि आई नावं ठेवेल." मग तिनं फुलांना बोट लावलं. "तुम्ही तिकडून आलात. ही बघितली आणि मला वाटलं, तुम्हाला कळलंय की आईची जागा नांगरली, आणि सांगायला तुमची जीभ रेटत नाहीये."

नॉरमुंड कानापर्यंत लाल झाला. त्यानं सांगितलं की तो बाल्वीचा, अब्रेनेपासून तासाभराच्या अंतरावरचा, पण तिथे तो कधी गेलेला नाही. मग म्हणाला की आता तिथे जायचं तर रशियाचा व्हिसा काढावा लागतो.

मावशीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. युद्धानंतर मॉस्कोनं अब्रेने आणि भोवतालचा पट्टा आमच्यातून कापून थेट रशियाला जोडला होता, आणि तशी रेघ असलेले नकाशे तिनं चाळीस वर्षं लाल केले होते. पण तिचा समज असा की देश परत येईल तो अख्खा येईल, नेला होता तसा.

"देश आला ना परत?" तिनं विचारलं. "मग माझं गाव तेवढं तिकडे कसं राहिलं?"

"त्यावर बोलणं चालू आहे, बाई."

"किती दिवस?"

नॉरमुंडनं समोरच्या ताटलीतली पिरागी उचलून खाल्ली, आणि मला त्याचा राग आला.

त्यानंतर त्यानं दिवाणखान्यात आपला शाळेतला नकाशा लावला, जुना फाटला होता म्हणून. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मावशी त्या नकाशासमोर लाल पेन्सिल घेऊन किती वेळ उभी राहिली ते मी जिन्यावरून बघितलं. खोडणार काय? सगळी नावं आमचीच होती, आमच्याच अक्षरांत. फक्त उजव्या कडेला जिथे तिचं गाव असायचं तिथे रेघ आत वळली होती. ती पेन्सिल खिशात घालून निघून गेली आणि जुना नकाशा चिकटपट्टी लावून स्वयंपाकघरात टांगला. तेव्हापासून घरात दोन देश होते, एक दिवाणखान्यात आणि एक चुलीपाशी. आपण कुठल्यात राहतो हे मला आजही नीट सांगता यायचं नाही.

फेब्रुवारीत ती मला म्हणाली की व्हिसाचा फॉर्म आण. मी आणला. नाव, वय, धर्म, सगळं ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. जन्मस्थान, अब्रेने. पुढचा रकाना, जन्माचा देश.

"लात्व्हिया," ती म्हणाली.

फॉर्म दोन आठवड्यांनी परत आला. त्या रकान्याभोवती गोल केला होता आणि गावाचं रशियन नाव लिहून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. दूतावासातली मंडळी मध्ये पडली, फोन झाले, नॉरमुंड स्वतः एकदा रशियन दूतावासात जाऊन आला. तिकडचा माणूस सभ्य होता म्हणे, त्याचं म्हणणं एवढंच की त्याच्या यादीत लात्व्हियात असं गावच नाही. मावशी म्हणाली, मग रकाना रिकामा सोड. तोही परत आला.

"मावशी, एक शब्द आहे," मी म्हटलं. "आई तुझी तिथेच आहे ना, कुठल्याही रकान्यात लिही."

"शब्दच आहे तर त्यांनी लिहावा माझा."

"ते लिहिणार नाहीत."

"मग मी चाळीस वर्षं या घरात काय केलं, इनारा? भांडी घासली?"

ती अडुसष्ट वर्षांची होती आणि गुडघे दर महिन्याला थोडी थोडी साथ सोडत होते. मार्चमध्ये टाकीवाले येऊन खुंट्या ठोकून गेले. तिनं शेवटची वाळू ओढली आणि त्यांना म्हणाली, खणा. त्या शनिवारी ती खिडकीपाशी हात पुसत उभी राहिली, हात कोरडेच होते. मला ते बघवेना. सोमवारी मी कुणाला न सांगता नवा फॉर्म घेतला आणि त्या रकान्यात इंग्रजीत 'रशिया' टाइप केलं. सहा कळा दाबायला मला एवढा वेळ लागला की वरचा दिवा गरम होऊन कागद वाकू लागला.

खाली जाऊन मी तिला सांगितलं की मी पुन्हा रिकामा ठेवलाय, या वेळी नॉरमुंडचा कुणीतरी ओळखीचा आहे, होऊन जाईल. फॉर्म दुमडून मी फक्त सहीची जागा वर ठेवली आणि बाकीच्यावर पंजा ठेवला. तिचा चष्मा शेल्फवर होता. तिनं तो घेतला नाही. "कुठे करू?" म्हणाली आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपण किती हुशार आहोत असंही, तेही सांगून टाकते.

व्हिसा आला. तो घ्यायला ती स्वतः गेली. परत आली ती म्हणाली, "बघ, ठेवू दिला की नाही रिकामा? माणसं आहेत म्हणायची." मी मान डोलावली.

जुलैत ती गेली. दाताळ्याचं लोखंडी डोकं दांड्यातून काढून, फडक्यात गुंडाळून बॅगेत घातलं होतं. विमानतळावर त्यावरून विचारणा झाली तर म्हणाली, शेतीचं अवजार आहे, दिसत नाही का. बाल्वीहून नॉरमुंडची आई तिला सीमेपर्यंत सोडायला गेली. तीन आठवड्यांनी मावशी परत आली तेव्हा मी तिला सगळं विचारलं, आणि तिनं नेहमीसारखं थोडकंच सांगितलं. स्टेशन तेच आहे. पाइन खूप उंच झालेत. आई सापडली, दगड कलला होता. वाळूवर पानांचा थर होता, कुणाचं पाऊल नव्हतं. दांडा तिथल्याच फांदीचा केला. फाटकापर्यंत ओढत आली आणि दाताळं तिथेच ठेवून आली.

"रेघा सरळ आल्या?" मी विचारलं.

"आल्या."

त्यानंतर ती चार वर्षं होती. दांडा मागच्या दाराशी तसाच टेकलेला असायचा. टाकीच्या जागी हिरवळ लावली होती, तिच्यावरून ती कपडे वाळत घालायला बिनदिक्कत जायची. ती खुशीत होती, मी मात्र नव्हते. दर वेळी ती रिकाम्या रकान्याची गोष्ट पाहुण्यांना सांगायची, की शेवटी त्यांनाही कबूल करावं लागलं, आणि मी ताटल्या उचलून आत निघून जायचे. मी तिला तिच्या आईपाशी नेलं की तिच्याच घरात तिला फसवलं, याचा उलगडा मला होईना. खरं सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं आणि शंभरदा मी गप्प बसले.

शहाण्णवच्या थंडीत ती गेली. तिची खोली आवरायचं माझ्याकडे आलं. किल्ल्यांच्या कपाटातल्या खालच्या खणात, लाल पेन्सिलींच्या थोटकांशेजारी, तिचा पासपोर्ट होता. त्यात व्हिसाचा कागद घडी घालून ठेवलेला. मी तो आजवर पाहिला नव्हता. रशियन अक्षरं होती, मला वाचता येत नाहीत. मी तो नॉरमुंडकडे नेला.

"जन्मस्थान, पितालोव्हो," त्यानं वाचलं. "देश, रशिया."

मी म्हटलं, नशीब, हे तिला वाचता आलं नसेल.

"अब्रेनेच्या स्टेशनमास्तरची मुलगी, इनाराबाई," तो म्हणाला. "अर्धं गाव रशियन बोलायचं. तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं."

मी कागद परत घेतला आणि खिडकीशी नेला. त्या शब्दावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, पाकिटांवर आणि धोब्याच्या चिठ्ठ्यांवर असायची तशी, लाल पेन्सिलीची एक छोटी टिक होती.